कोकणातले रोजचे ताट कोणी ठरवले? खोती, आगोट, बंदरे आणि मुंबई

आगरवाट (धागाकर्ता)

कोकणी जेवण म्हटले की हल्ली बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच ताट येते: तळलेली सुरमई, कोंबडीवडे, सोलकढी, तांदळाची भाकरी आणि लाल रश्शाची वाटी. हे पदार्थ आपलेच आहेत आणि उत्तम आहेत, याबद्दल वाद नाही. परंतु ज्या अन्नावर कोकणातली बहुसंख्य माणसे पिढ्यान् पिढ्या जगली, ते हे नव्हे. चांगली मासळी विकायची असे, कोंबडी पाहुण्यासाठी किंवा देवासाठी कापली जाई आणि वडे सणाला तळले जात. रोज पोटात जात असे ती पेज, नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, सुकी मासळी आणि ऋतूप्रमाणे मिळेल तो रानपाला. हे रोजचे अन्न असेच का होते, याचे थोडे उत्तर हवामानात सापडते. पण जमीन कोणाच्या ताब्यात होती, बंदरात कोणाची गलबते लागत होती आणि घरातला कमावता माणूस कोठे राहत होता, हे पाहिल्याशिवाय ते पुरे होत नाही, असे माझे मत आहे. त्यासाठीच हा धागा काढत आहे.

जमिनीपासून सुरुवात करतो. कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, परंतु तो चार महिन्यांत कोसळून जांभ्याच्या उतारावरून समुद्राला मिळतो. बांध घालून पाणी अडवता येईल अशी खाचरे थोडी आणि डोंगरउताराची वरकस जमीन फार. खाचरात भात होई. वरकसावर नाचणी, वरी आणि हरीक ही भरडधान्ये. रत्नागिरी आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतील असंख्य गावांत खोती होती, म्हणजे खोत सरकारात सारा भरी आणि कुळांकडून धान्याच्या रूपात खंड वसूल करी. भाताच्या जमिनीवर हा खंड पुष्कळ ठिकाणी निम्म्या पिकाचा असे आणि त्याला अर्धेल म्हणत. निम्मे भात खळ्यावरूनच गेल्यावर उरलेल्यातून बियाणे बाजूला काढायचे, उसनवारी फेडायची, मीठमिरची आणि कापडलत्ता पाहायचा, आणि मग जे शिल्लक राहील ते सणाला, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला. कुळाच्या घराने वर्ष काढले ते नाचणीवर. भात पिकवणाऱ्याच्या ताटात भात नसणे ही गोष्ट निसर्गाने ठरवलेली नव्हती.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई प्रांताच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, आणि खोती प्रत्यक्षात संपवणारा कायदा १९४९ साली झाला. कायद्याने खंड थांबला, पण दीडदोनशे वर्षांत धान्यांना जी प्रतिष्ठा चिकटली होती ती सहज सुटली नाही. माझ्या आजीच्या पिढीत दारात पाहुणा दिसला की नाचणीची भाकरी झाकली जाई आणि चुलीवर भात चढे. मुलीचे स्थळ पाहताना ‘तिकडे भात खातात’ असे कौतुकाने सांगितले जाई. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केल्यापासून शहरातल्या दुकानांत नाचणीला जो मान मिळतो आहे, तो पाहून मला समाधान वाटते. मात्र ज्यांनी ती लाजत खाल्ली त्यांचा उल्लेख त्या पाकिटांवर कोठेच नसतो, याची खंतही वाटते.

दुसरी गोष्ट आगोटीची. पावसाळ्यात समुद्र खवळलेला, मुंबईच्या बोटी बंद, खाड्या आणि ओहोळ दुथडी, वाटा चिखलाने मोडलेल्या. मे महिन्याच्या अखेरीस घरात जे भरले असेल त्यावर निदान नारळी पौर्णिमेपर्यंत निभावायचे, आणि या भरण्याला आगोटीची बेगमी म्हणतात. कोकणी स्वयंपाकाची खरी ओळख मला या बेगमीत दिसते. सुके बोंबील, सुकट, सोडे, खारवलेले बांगडे. कोकमाच्या साली त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवलेली आमसुले आणि मिठातले आगळ. खारातले आंबे, आंब्याची आणि फणसाची साठे, माती लावून ठेवलेल्या आठळ्या, पोह्याचे मिरगुंड, कुळीथ, मीठ, लाकडे आणि शेणी. यांतील प्रत्येक पदार्थात वैशाखाचे ऊन साठवलेले असते. आंबट, खारट आणि वाळवलेले यांचा जो ठसा आपल्या चवीवर आहे, तो या चार महिन्यांच्या कोंडीतून आला आहे. आज बाजारात बाराही महिने सर्व काही मिळते, तरी मृगाच्या पहिल्या पावसात भाजलेल्या सुक्या बांगड्याची आठवण येतेच. गरज संपली तरी चव मागे राहते.

बंदरांविषयी थोडक्यात लिहितो, कारण या विषयावर इतरत्र पुष्कळ लिहिले गेले आहे. मिरची, काजू, बटाटा, अननस, पपई आणि पेरू ही सर्व अमेरिका खंडातली पिके. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतल्यानंतरच्या काळात ती या किनाऱ्यावर रुजली. त्याआधी तिखटासाठी मिरी, आले आणि पिंपळी होती, आणि तिरफळ होते. बांगड्याच्या किंवा तारलीच्या तिकल्यात, म्हणजे आंबट-तिखट दाट कालवणात, आजही तिरफळ पडते, कारण या तेलकट माशांचा उग्र वास आंबटाने आणि तिरफळाने आवरतो. त्याच तिकल्यात लाल मिरचीही असते, आणि ती मिरची बहुतांशी घाटावरून येत असे. फोंडा, बावडा आणि आंबोली या घाटांनी मिरची, गूळ, कांदा, लसूण खाली उतरे, आणि मीठ, खोबरे, सुकी मासळी वर चढे. ज्याला आपण अस्सल मालवणी मसाला म्हणतो तो ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्यांवाचून होत नाही. म्हणजे अमेरिका खंडातून निघालेली, पोर्तुगीज जहाजांतून उतरलेली, घाटावर पिकलेली आणि बैलांच्या पाठीवरून परत किनाऱ्यावर आलेली ही चव आहे. ती आपली नाही असे यातून मुळीच सिद्ध होत नाही. चारशे वर्षे ज्यावर हात बसला आहे, ते आपलेच.

मुंबईचा भाग मी मुद्दाम मोकळा ठेवतो, कारण त्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे येथे आहेत. सर्वांना विनंती आहे की आपापल्या गावचे आणि समाजाचे रोजचे अन्न काय होते, ते सणाच्या अन्नापासून वेगळे करून लिहावे.

वालय

विषय महत्त्वाचा आहे आणि मांडणी पटली, पण एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे. आमच्या सिंधुदुर्गातील पेज ही गरिबाचे अन्न म्हणून या यादीत बसवलेली मला रुचली नाही. कुडाळ-सावंतवाडीकडे ज्यांच्या मालकीची भरपूर खाचरे होती, त्यांच्याही घरी सकाळी दहा-अकराच्या सुमारास पेजच असे. शेतात पहाटे उतरलेल्या गड्याला आणि घराच्या मालकाला एकाच टोपातली पेज वाढली जाई. फरक असेल तो सोबतीच्या जिनसात, एकाला भाजलेला सुका बांगडा आणि दुसऱ्याला मिठातली मिरची.

पेजेला जो उकडा तांदूळ लागतो त्याची रीत येथे नोंदवून ठेवतो. भात पाण्यात भिजवून मोठ्या भांड्यात तूस फुटेपर्यंत उकडायचे, मग खळ्यावर वाळवायचे आणि नंतर कांडायचे. दाणा असा घट्ट होतो की कांडताना त्याची कणी कमी पडते, दमट हवेत तो अधिक टिकतो, आणि उकडताना कोंड्यातली जीवनसत्त्वे काही प्रमाणात दाण्यात उतरतात, त्यामुळे सडल्यावरही, म्हणजे कांडून कोंडा काढल्यावरही, ती सर्वस्वी जात नाहीत. वालयसारख्या लाल तांदळाची पेज दाट आणि तांबूस होते आणि दुपारपर्यंत भूक लागू देत नाही. उन्हात घाम गाळणाऱ्या शरीराला पाणी, मीठ आणि अन्न एकाच वेळी देणारा याहून योग्य आहार मला ठाऊक नाही. ज्या शेतकऱ्यांनी ही रीत घडवली ते जाणते लोक होते. म्हणून म्हणतो की टंचाईने कोकणी अन्नाला आकार दिला हे खरे असले, तरी कष्टाच्या वेळापत्रकाने आणि अनुभवाने आलेल्या शहाणपणानेही तितकाच आकार दिला आहे.

सणाच्या बाबतीतही असेच दिसते. आमच्याकडे गणपतीला काळ्या वाटाण्याचे सांबार आणि वडे किंवा आंबोळ्या होतात. काळा वाटाणा सुका, टिकाऊ आणि स्वस्त, तरी त्याला भाजलेल्या खोबऱ्याचे वाटप (वाटण) लागले की देवाच्या पानात त्याला पहिली जागा मिळते.

आगरवाट (धागाकर्ता)

वालय यांचा प्रतिसाद मोलाचा आहे आणि उकड्या तांदळाची रीत लिहिल्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. सावंतवाडी हे संस्थान होते, तेथील जमीनधारणा रत्नागिरीच्या खोती गावांहून वेगळी होती, आणि दक्षिणेकडे खाचरांचे प्रमाणही जास्त. पेज दोन्हीकडे होती. पण आमच्या बाजूच्या, म्हणजे गुहागर-चिपळूणच्या डोंगरी वाड्यांत ती नाचणीची किंवा वरीच्या कण्यांची असे, आणि आपल्याकडे ती तांदळाची होती. एकाच नावाच्या दोन भांड्यांत दोन प्रकारच्या जमिनी शिजत होत्या, असे मला म्हणायचे आहे. शहाणपणाचा मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. टंचाईत घडले म्हणून ते कमी प्रतीचे ठरत नाही, उलट थोडक्यात शरीर राखण्याची विद्या ज्यांना साधली त्यांचे श्रेय त्यांना मिळायला हवे.

खारेपाट

अलिबाग-पेणच्या खारेपाटातून लिहितो. खोतीचा विषय निघाला आहे तर चरीच्या संपाचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ साली खोतांची जमीन कसण्याचे नाकारले, आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. शेतकऱ्याने जमीन पडीक ठेवणे म्हणजे स्वतःच्या चुलीवरचे भांडे उतरवणे होते. तरीही त्यांनी ते केले, कारण भरलेल्या खळ्यावरून रिकाम्या हाताने घरी येणे त्याहून असह्य झाले होते. आमच्या घरातली जुनी माणसे त्या काळाविषयी बोलताना आधी खाण्याविषयी बोलत आणि मग सभांविषयी. करवंदे, खाडीतले निवटे आणि चिंबोऱ्या, रानातली कंदमुळे यांवर दिवस काढल्याच्या गोष्टी आम्ही लहानपणी ऐकल्या.

खारेपाटाचे अन्नही खाऱ्या जमिनीने ठरवले. समुद्राचे पाणी बांधाने अडवून केलेली ही भातशेती. बांध फुटला की खारे पाणी शिरून भाताचे खाचर नासते, म्हणून बांध राखणे हे साऱ्या गावाचे काम असे. शेजारीच मिठागरे. मीठ आणि मासळी दाराशी असल्यामुळे खारवणे-सुकवणे ही आमच्याकडे आगरी-कोळी घरांची नित्याची विद्या झाली. भात कापला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा, त्याला वेगळे पाणी लागत नाही. त्या कडव्या वालाची बिरड्याची उसळ सगळ्या समाजांत होते, फक्त फोडणी आणि वाटण बदलते; ब्राह्मणांकडे गूळ-खोबरे, इतरांकडे कांदा-लसूण आणि कधी सोडे. थंडीत वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात दडपून, मडके उपडे करून भोवती जाळ घालतात आणि पोपटी लावतात. तिच्यात आज कोंबडी, अंडी असतात, पण मूळ मालक शेंगाच आहेत.

एका शेजाऱ्याविषयी लिहायला हवे. आमच्या किनाऱ्यावर बेने इस्रायल समाज शतकानुशतके नांदला. नवगावजवळ फुटलेल्या जहाजातून आपले पूर्वज वाचले, अशी त्यांची परंपरागत समजूत आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावांनी त्यांना शनवार तेली म्हटले. त्यांच्या धर्मशास्त्राप्रमाणे मांस आणि दूध एकत्र चालत नाही, आणि पर व खवले असलेलाच मासा चालतो. त्यामुळे कोलंबी, चिंबोरी आणि शिंपल्या भरपूर मिळणाऱ्या किनाऱ्यावर राहून त्यांनी त्या वर्ज्य ठेवल्या. आणि मटणाचा रस्सा दाट करण्यासाठी नारळाचे दूध तर आमच्या प्रत्येक वाडीत होतेच, त्यामुळे तो नियम पाळणे येथे अवघड गेले नसावे. एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने ते जो मलिदा करतात तो भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची आणि फळे यांचा असतो. धर्म यरुशलेमचा आणि नैवेद्य कोकणचा. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, आणि तेथेही मलिदा होतो हे वाचून मला फार आनंद झाला.

सुकेळी

कोकण किनारा उत्तरेला वसईपर्यंत येतो हे पुष्कळदा विसरले जाते, म्हणून लिहितो. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत धर्म बदललेल्या घरांत स्वयंपाक अर्धा बदलला आणि अर्धा तसाच राहिला. तांदळाची भाकरी, नारळ, सुकी मासळी तीच. त्यात सिरक्यातले डुकराचे इंदियाल आले, आणि ताडीने फुगवलेल्या पिठाचे फुगे आले. ज्या समाजाने पुढे स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवून घेतले, त्या घरांत उन्हाळ्यात मिरच्या आणि अनेक मसाले एकेक करून भाजतात, कांडतात आणि गडद काचेच्या बाटल्यांत ठासून भरतात, म्हणून त्याला बॉटल मसाला म्हणतात. वेळ मात्र वैशाखाचीच, आणि कारणही धागाकर्त्यांनी सांगितलेली आगोटच. प्रार्थना बदलली तरी पावसाळा बदलला नाही.

माझ्या नावाविषयीही सांगतो. राजेळी केळी सोलून, उन्हात अनेक दिवस वाळवून, केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सुकेळी करतात. हिंदू आणि ख्रिस्ती दोन्ही बागायतदार ती करीत आले आहेत. केळीच्या बागा कमी होत चालल्यामुळे आता ती करणारी घरे थोडीच उरली आहेत.

नवा वाचक

श्रावणात मासे न खाण्याची रीत ही माशांच्या विणीचा काळ ओळखून पूर्वजांनी घालून दिली, असे नेहमी सांगितले जाते. हे बरोबर मानावे का?

आगरवाट (धागाकर्ता)

या प्रश्नाकडे मी थोड्या वेगळ्या बाजूने पाहतो. आज महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते आणि तिचा हेतू माशांची वाढ व मच्छीमारांची सुरक्षितता हा आहे. श्रावण बहुतेक वर्षी ही बंदी संपत आल्यावर किंवा संपल्यावर येतो. कोळी समाज श्रावणातल्याच नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून होड्या पाण्यात लोटतो. म्हणजे ज्या महिन्यात काही घरे मासे सोडतात, त्याच महिन्याच्या मध्यावर दुसरी घरे मासेमारीला प्रारंभ करतात. श्रावणाचे व्रत हे व्रत म्हणून समजून घ्यावे आणि समुद्राचे पथ्य कोळ्यांच्या पंचांगातून समजून घ्यावे, कारण ते त्यांच्या जिवाशी बांधलेले होते. व्रताला विज्ञानाचा आधार शोधण्याच्या घाईत कोळ्यांचे ज्ञान दुसऱ्यांच्या नावावर जमा होते, आणि ते मला न्याय्य वाटत नाही.

व्रतांमधून इतिहास वाचायचा असेल तर ऋषिपंचमी अधिक बोलकी आहे. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचे खायचे नाही. नांगरलेल्या जमिनीतले भात, कडधान्य बाजूला राहते आणि परसातले अळू, भोपळा, सुरण, भेंडी, माठ, कणसे, अंबाडे एकत्र शिजतात. पावसाळ्यात ज्यावर घर चालते त्या परसबागेचा हा सण आहे, आणि ती परसबाग बहुधा बाईच्या हाताखालची असते. गौरीच्या बाबतीत तर कोकणातल्या काही समाजांत तिला तिखटाचा, म्हणजे मटणाचा, मासळीचा किंवा चिंबोरीचा नैवेद्य दाखवतात, आणि माहेरवाशिणीला जे आवडते तेच तिला द्यायचे, असे त्याचे सांगितले जाणारे कारण मला अत्यंत मानुष वाटते.

गांधारीकाठ

महाडहून लिहिते आहे. धाग्यात काय खाल्ले याची चर्चा झाली. कोणाबरोबर खाल्ले आणि कोणाच्या हातचे खाल्ले नाही, याची झाली नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो लोकांनी आमच्या गावच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. जेथे पाणी सर्वांना नव्हते, तेथे ‘कोकणी जेवण’ असे एकवचनी काही असू शकत नव्हते. रत्नागिरीत १९३१ साली सर्व जातींना खुले असलेले पतितपावन मंदिर झाले आणि त्या काळात तेथे सहभोजने घडवून आणली गेली. एका पंक्तीला बसून जेवणे ही त्या वेळी चळवळ करण्याची गोष्ट होती, यावरून रोजची स्थिती कळते.

आमच्या वस्तीत पहिल्या पावसात चढणीचे मासे धरण्याचा मोठा उत्साह असे. नदीतून ओहोळात आणि ओहोळातून खाचरात चढणारे मासे धरायला जमिनीची मालकी लागत नाही आणि बाजारात पैसाही लागत नाही. टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे यांचेही तसेच. शेवळे घशाला खाजतात म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावी लागतात, आणि दोन्ही एकाच सुमारास रानात मिळतात, हे ज्ञान ज्यांच्याकडे शेत नव्हते त्यांनी अधिक जपले. कातकरी स्त्रिया आजही पहिल्या पावसानंतर शेवळांच्या जुड्या बाजारात आणतात. या भाज्या आता शहरात महोत्सवांतून मांडल्या जातात. त्या खाव्यात, अवश्य खाव्यात. पण त्या विकणारीशी भावासाठी घासाघीस करू नये, एवढे मला सांगावेसे वाटते.

गिरणगावची लेक

धागाकर्त्यांनी मुंबईचा भाग मोकळा ठेवला आहे, तो लिहिते. १८५४ साली मुंबईत पहिल्या सूतगिरणीची स्थापना झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातला पुरुष गिरणीत आला. बायको-मुले गावी, आणि तो एका गाळ्यात गाववाल्यांसह. त्याच्या जेवणाची सोय खाणावळीत असे, आणि या खाणावळी चालवणाऱ्या बहुतांशी बायका होत्या. कोणी विधवा, कोणाचा नवरा आजारी, कोणाच्या नवऱ्याची नोकरी गेलेली. दहा बाय दहाच्या खोलीत पहाटे चूल पेटवून, गिरणीच्या पाळ्यांच्या वेळा सांभाळून त्या डझनावारी माणसांना जेवू घालीत, आणि पैसे महिन्याने मिळत. माझी आई अशीच खाणावळ चालवीत असे. वाणी उधार देई ते व्याजावर, आणि गिरणी बंद पडली की सभासदांचे पैसे थकत. तरी जेवण थांबवता येत नसे, कारण जेवणारा गावचाच, नात्यातलाच असे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून देण्यासाठी, आणि त्यामुळे किती घरे सावरली हे मी जवळून पाहिले आहे. १९८२ च्या संपात गिरण्या थांबल्या तेव्हा या खाणावळींचीही वाताहत झाली, याची नोंद फार कमी ठिकाणी होते.

चवीच्या दृष्टीने येथे एक मोठा बदल घडला. राजापूरचा, देवगडचा, महाडचा, साताऱ्याचा माणूस एकाच बाईच्या हातचे जेवू लागला. तिला प्रत्येकाचे वाटप वेगळे करणे शक्य नव्हते, म्हणून तिने सर्वांना चालेल असा एक मसाला आणि एक रस्सा बसवला. गहूही असाच आला. कोकणात गहू पिकत नाही. १९४३ मध्ये मुंबईत रेशनिंग सुरू झाले आणि तांदूळ अपुरा पडून गहू पदरात आला, तेव्हा आमच्या बायका चपाती शिकल्या. गणपतीला गावी जाणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून चहा, साखर, बटर आणि गव्हाचे पीठ गावाला पोहोचले, आणि सकाळच्या पेजेची जागा हळूहळू चहाने घेतली.

वालय

गिरणगावची लेक यांच्या आईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांच्या प्रतिसादामुळे मला एक दुवा सापडला. आज ज्याला मालवणी थाळी म्हणतात ती मालवणात घडलेली नसून गिरगाव, लालबाग, दादरच्या खाणावळी आणि हॉटेलांत तिला रूप आले असावे, आणि पर्यटकांबरोबर ती परत आमच्याकडे आली. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. त्यानंतर आमच्या गावात निवासाची सोय करणारी घरे वाढली. पाहुणा जी थाळी मुंबईत खाऊन आलेला असतो तीच येथे मागतो, म्हणून घरची बाई तीच रांधते. काही घरांनी अलीकडे सकाळच्या न्याहारीला पेज आणि भाजलेला बांगडा ठेवायला सुरुवात केली आहे आणि पाहुणे ती आवडीने मागतात, ही चांगली खूण आहे.

आगरवाट (धागाकर्ता)

दोघांचेही मनापासून आभार. खाणावळीत एक रस्सा बसला हा मुद्दा माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण राजा, धर्म किंवा बाजार यांनी जे केले नाही ते येथे थकलेल्या बायकांच्या हिशेबाने केले, आणि त्यांचे नाव कोणत्याही मसाल्याला लागले नाही.

ज्यांना आपल्या घरातील वृद्धांकडून माहिती घेऊन येथे लिहायची आहे, त्यांच्यासाठी अनुभवाने सुचलेली एक सूचना करतो. ‘पूर्वी तुम्ही काय खात होता?’ असे विचारले की बहुतेक जण सणाचे पदार्थ सांगतात, आणि जे रोजचे होते ते सांगण्यासारखे नाही असे समजून गाळतात. त्याऐवजी ‘घरातला भात कोणत्या महिन्यात संपायचा आणि मग काय शिजायचे?’ असे विचारावे. त्याबरोबर गाव, तालुका, जमीन स्वतःची होती की खोताची, वाडीत माड होते का, घरातले कोणी मुंबईला होते का, एवढे नोंदवले तरी पुष्कळ आहे. हरीक पिकवल्याची आठवण ज्यांच्या घरी शिल्लक असेल त्यांनी तो सडण्याची आणि शिजवण्याची रीत अवश्य लिहावी. नाचणी आणि वरीला आता ग्राहक मिळाला आहे, पण हरीक कसा सडावा हे सांगू शकणारी माणसे आमच्या भागात फारच थोडी राहिली आहेत.